तपकीर गल्लीतून घेतलेला सेकंडहँड सिस्को १८४१ आणि सिरीयल कार्ड, दुकानाचा रिव्ह्यू

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आतल्या बाजूला जुनं नेटवर्किंगचं सामान विकणारं एक छोटं दुकान आहे, तिथून सिस्को १८४१ राऊटर घेतला, दोन सिरीयल पोर्टवालं विक-२टी कार्ड आणि व्ही-३५ (जुन्या लाईनच्या मॉडेमला लागणारं कनेक्शन) केबलसकट. सविस्तर लिहितोय कारण पुण्यात सेकंडहँड राऊटर विकणारे बरेच आहेत, पण सिरीयल पोर्ट गिऱ्हाईकासमोर लिंक उभी करून टेस्ट करून देणारं मला आत्तापर्यंत हे एकच दुकान भेटलंय. राऊटर चालू होणं वेगळं आणि त्याचा वॅन पोर्ट, म्हणजे दूरच्या युनिटला जोडणारा हाच सिरीयल पोर्ट, चालणं वेगळं, आणि ज्याला वॅन पोर्टच वापरायचाय त्याने पैसे देण्याआधी दुसरी गोष्ट बघितलीच पाहिजे.

आता एवढा जुना राऊटर हवाच कशाला असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं नेटवर्कचं मेंटेनन्स माझ्याकडे आहे, त्यांच्या रांजणगावच्या युनिटपर्यंत एक जुनी २ एमबीपीएसची लीज्ड लाईन (भाड्याने घेतलेली खाजगी लाईन) आहे आणि प्रोव्हायडरचा मॉडेम व्ही-३५ पोर्टवर देतो. बाकी ऑफिसचं इंटरनेट वगैरे सगळं फायबरवर गेलंय पण डिस्पॅचचं जुनं सॉफ्टवेअर याच लाईनवर चालतं, आणि ते बदलेपर्यंत ही लाईन चालू ठेवायची आहे. राऊटर एकच, स्टँडबाय नाही, तो बसला की रांजणगावहून गाडीच निघत नाही. १८४१ ची सिरीज आली २००४ मध्ये, सिस्कोने विक्री बंद केली २०११ ला आणि सपोर्ट संपला २०१६ ला, म्हणजे नवा मिळायचा प्रश्नच नाही. आणि हो, हा राऊटर इंटरनेटला थेट लावू नका कोणी, सिक्युरिटी अपडेट येत नाहीत त्याला, दोन युनिटमधल्या खाजगी लाईनपुरताच ठेवा.

आधी एका ऑनलाईन विक्रेत्याकडून असाच सेट मागवला होता, नाव घेत नाही. वर्णनात टेस्टेड लिहिलेलं, राऊटर छान बूट व्हायचा, शो व्हर्जन या कमांडमध्ये दोन सिरीयल इंटरफेस दिसायचे, इथरनेट पोर्ट दोन्ही मस्त. पण पहिला सिरीयल पोर्ट कुठलीही केबल लावली तरी डाऊन-डाऊन, म्हणजे पोर्टही बंद आणि त्यावरचा प्रोटोकॉलही बंद. बॅटरी लावून कार्डाच्या पोर्टमध्ये बघितलं तर दोन पिना वाकून एकमेकींना चिकटलेल्या. या स्मार्ट सिरीयल कनेक्टरला २६ बारीक पिना असतात, कोणी जोर लावून उलटी केबल घुसवली की झालं. विक्रेता म्हणाला आमच्याकडून जाताना चालू होता, दिवा लागत होता. दिवा राऊटरचा लागत होता, पोर्ट त्यांनी तपासलाच नव्हता. एवढं सांगूनही शेवटी माल परत घेतला नाहीच.

तर हे दुकान. गाडी घेऊन जाऊ नका, मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून चालत जा, गल्लीत दुचाकी लावायलाही जागा नसते. दुकान अरुंद, एका भिंतीला राऊटर-स्विचच्या थप्प्या, काउंटरच्या मागे एका फळीवर दोन राऊटर कायमचे जोडून ठेवलेले आणि त्यांच्यातून लोंबणाऱ्या निळ्या कन्सोल केबल. मालक काका गल्ल्यावर बसतात, टेस्टिंगचं सगळं काम एक तरुण मुलगा बघतो. मी म्हणलं मला १८४१ हवाय पण सिरीयल चालवून दाखवणार असाल तरच, तर काका म्हणाले "साहेब, तसा घेऊच नका ना, बसा पाच मिनिटं, दादा लावून दाखवेल." पाच मिनिटं नाही, तासभर गेला, पण तो माझ्या हट्टामुळे गेला आणि त्यांनी एकदाही घाई केली नाही.

आता टेस्ट कशी केली ते नीट लिहितो कारण हे वाचून कोणी दुसऱ्या दुकानात गेला तरी त्याला हेच मागता आलं पाहिजे.

कार्ड घातलं राऊटर बंद करून, हे त्या मुलाने स्वतःहून केलं, १८४१ मध्ये चालू राऊटरला विक कार्ड घालायचं-काढायचं नसतं आणि घाईत असलेले विक्रेते सर्रास तसं करतात. मग कन्सोल (राऊटरला कमांड द्यायचा पोर्ट), ९६०० बॉड, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. बूट झाल्यावर शो व्हर्जन, त्यात सिरीयल इंटरफेस दोन आहेत का बघितलं, आणि मी त्याला सगळ्यात शेवटची ओळ दाखवायला सांगितली, कॉन्फिगरेशन रजिस्टरची. तिथे ०एक्स२१४२ निघालं! जुन्या राऊटरचा पासवर्ड तोडताना हे रजिस्टर २१४२ करतात म्हणजे राऊटर बूट होताना सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन वाचतच नाही. नंतर परत २१०२ केलं नाही तर तुम्ही सगळं कॉन्फिगर करून सेव्ह करता, सगळं चालतं, आणि ज्या दिवशी लाईट जाते त्या दिवशी राऊटर कोरा उठतो. भोसरीत हे झालं असतं तर मध्यरात्री मला फोन आला असता. मुलाने लगेच २१०२ केलं, रिलोड केलं, पुन्हा दाखवलं.

मग केबल. दोन राऊटर समोरासमोर जोडायचे तर एका टोकाला डीटीई आणि दुसऱ्याला डीसीई लागतं, डीसीईवाली बाजू क्लॉक (बिट कुठल्या वेगाने जायचे तो ठोका) देते आणि डीटीईवाली तो घेते, एरवी साईटवर हे क्लॉक मॉडेम देतो. यांच्याकडे तयार बॅक-टू-बॅक केबल आहे, दोन्हीकडे स्मार्ट सिरीयल. केबल लावली की पहिली कमांड शो कंट्रोलर्स सिरीयल ०/०/०, तिच्यातून कळतं की पोर्टला केबल दिसतेय का, दिसतेय तर व्ही-३५ आहे का, आणि डीटीई आहे की डीसीई. भरपूर लांबलचक आऊटपुट येतं पण कामाचं सगळं वरच्या दोन-चार ओळीत असतं. केबल घट्ट बसवूनही केबल नाही असं दिसलं तर तिथेच थांबा, पिन किंवा कार्ड गेलंय, पुढच्या कमांडने काही सुधारणार नाही. ऑनलाईन घेतलेल्या त्या कार्डात नेमकं हेच होतं आणि ही एक कमांड मारायला विक्रेत्याला मिनिटसुद्धा लागलं नसतं.

पुढे कॉन्फिगरेशन साधंच. डीसीई बाजूला क्लॉक रेट ६४०००, दोन्हीकडे आयपी, १०.१.१.१ आणि १०.१.१.२, मास्क २५५.२५५.२५५.२५२, दोन्हीकडे नो शटडाऊन. एन्कॅप्सुलेशन (लाईनवर डेटा फ्रेममध्ये बांधायची पद्धत) काही दिलं नाही म्हणजे सिस्कोचं स्वतःचं एचडीएलसी. शो इंटरफेसला अप-अप आलं. बहुतेक लोक इथेच खूश होऊन पाकीट काढतात. अप-अप म्हणजे एवढंच की दर १० सेकंदाला जाणारे कीपअलाइव्ह (लाईन जिवंत आहे का बघणारे संदेश) पोचताहेत, ते छोटेसे असतात. कार्ड ताणावर टिकतं का ते त्यातून कळत नाही.

म्हणून मी सांगितलं एररचे काउंटर क्लिअर कर आणि एक्स्टेंडेड पिंग (साईज, संख्या, पॅटर्न आपण ठरवतो तो पिंग) लाव, साईज १५००, हजार पॅकेट. मुलाला हे आवडलं असं दिसलं, त्याने दुसरं गिऱ्हाईक काकांकडे दिलं आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसला. इथे एक हिशोब करून ठेवा, फार उपयोगी पडतो. १५०० बाईटचं पॅकेट, वर एचडीएलसीचे ४ बाईट, ६४००० बिट सेकंदाला या वेगाने एका दिशेला जायला साधारण १८८ मिलिसेकंद घेतं, जाऊन-येऊन ३७६ च्या आसपास. स्क्रीनवर तेवढंच यायला हवं. १२ मिलिसेकंद आलं तर समजा क्लॉक ६४००० नाही, २०००००० वरच चाललंय आणि तुमची कमांड लागलेली नाही. आमचं ३७६ च्या जवळ आलं आणि हजार पॅकेटला सहा मिनिटं आणि वर थोडी गेली, एकही पॅकेट पडलं नाही.

मग डेटा पॅटर्न बदलून ०एक्सएफएफएफएफ, म्हणजे सगळे एक. यात वेळ वाढून ४५० च्या घरात गेला तर मुलगा दचकला, म्हणाला सर काहीतरी गडबड आहे. गडबड नाही, बरोबर आहे. एचडीएलसी फ्रेमिंगमध्ये सलग पाच एक आले की हार्डवेअर मध्ये एक शून्य घुसवतं, म्हणजे डेटा आणि फ्रेमची हद्द दाखवणारा फ्लॅग यांची गल्लत होत नाही. सगळेच एक पाठवले की पाच बिटांचे सहा होतात, एकपंचमांश वेळ जास्त. त्याला कागदावर काढून दाखवलं, त्याने लगेच गणित स्वतः करून बघितलं आणि आकडा जुळल्यावर जो चेहरा झाला त्याचा, मला खरंच बरं वाटलं. अशी पोरं या धंद्यात टिकली पाहिजेत. तसं समोरासमोर जोडणीत क्लॉक वेगळ्या तारांवरून जातं त्यामुळे पॅटर्नने फार फरक पडत नाही, पॅटर्नचा खरा उपयोग साईटवर होतो जिथे मॉडेमच्या पुढे ई-वन (२ एमबीपीएसची डिजिटल) लाईन असते आणि सगळे शून्य पाठवले की लाईन कोडिंगमधला दोष बाहेर येतो.

त्यानंतर क्लॉक २०००००० वर नेऊन तीच टेस्ट. हे नक्की करायला लावा, कारण अर्धवट खराब पोर्ट कमी वेगाला शहाण्यासारखा वागतो आणि वेग वाढवला की सीआरसी एरर (बिट बिघडून पोचल्याची खूण) टाकायला लागतो. दोन्ही पोर्टवर केलं. शेवटी शो इंटरफेसमध्ये इनपुट एरर, सीआरसी, फ्रेम, अबॉर्ट सगळे शून्य, कॅरियर ट्रान्झिशन (लाईनचा सिग्नल किती वेळा गेला-आला तो आकडा) वाढलेले नाहीत. पिंग चालू असताना मी केबलचं टोक हलक्या हाताने हलवूनही बघितलं, सैल पोर्ट असेल तर इथे कॅरियर ट्रान्झिशनचा आकडा वाढतो.

अजून एक टेस्ट मुलाने स्वतःहून दाखवली आणि त्यासाठी वेगळे मार्क. राऊटरवरून स्वतःच्याच सिरीयल आयपीला पिंग. पॉइंट-टू-पॉइंट सिरीयल लिंकवर स्वतःच्या पत्त्याचं पॅकेटसुद्धा बाहेर पडतं, समोरच्या राऊटरपर्यंत जातं आणि तिथून परत फिरतं, त्यामुळे वेळ दुप्पट दिसतो. समोरच्याचा आयपी माहीत नसताना लाईन खरंच पार होतेय का हे बघायला उत्तम.

आता जे खटकलं ते. पहिलं आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुना डेटा. राऊटरमध्ये आधीच्या मालकाचं पूर्ण कॉन्फिगरेशन तसंच होतं. कुठल्यातरी ऑफिसचे आयपी, युजरनेम, व्हीपीएनची की, सगळं उघडं. मी सांगितल्यावर राईट इरेज केलं, फ्लॅशवरची जुनी फाईलही उडवली, पण हे दुकानात माल आल्याबरोबर व्हायला पाहिजे, गिऱ्हाईकाने सांगायची वाट बघायची नाही. काकांना तसं बोललो, ते म्हणाले यापुढे करू. करा खरंच, कोणाच्या तरी ऑफिसच्या किल्ल्या आहेत त्या. आणि ऑफिसवाल्यांनो, भंगारात राऊटर देताना तुम्हीही पुसून द्या.

दुसरं, बिलावर फक्त राऊटरचा सिरीयल नंबर लिहितात, कार्डाचा नाही. इथे कार्डच महत्त्वाचं, उद्या बदलून घ्यायची वेळ आली तर वाद नको. मागितल्यावर पेनाने लिहून दिला. वॉरंटी एक महिन्याची, ती बिलावर छापलेली आहे. तिसरं, केबलचा स्टॉक बेभरवशाचा. व्ही-३५ ची ३४ पिनवाली मोठी केबल त्यांच्याकडे त्या दिवशी एकच होती आणि तीही डीसीई, मला मॉडेमसाठी डीटीई हवी होती. तीन-चार दिवसांनी आणून दिली पण चक्कर पडली. किमतीचं म्हणाल तर राऊटर आणि कार्ड मिळून चार हजारांच्या आत बसलं, केबलला मात्र हजाराच्या वर गेले. मला ते जास्त वाटलं नाही कारण चांगली केबल मिळणं राऊटर मिळण्यापेक्षा अवघड झालंय.

त्यांच्या तयार कॉन्फिगरेशनमध्ये एक गोष्ट राहते ती घेणाऱ्याने बघावी. सिरीयल इंटरफेसवर बँडविड्थ आपण दिली नाही तर सिस्को १५४४ केबीपीएस धरतो, लाईन ६४ ची असो नाहीतर २०४८ ची. क्लॉक रेट बदलला म्हणून हा आकडा बदलत नाही. ओएसपीएफ (रस्ता निवडणारा राऊटिंग प्रोटोकॉल) चालवत असाल तर त्याची कॉस्ट यावरूनच निघते आणि कमी कॉस्टचा रस्ता तो आधी धरतो, १५४४ ला ६४ आणि खऱ्या ६४ केबीपीएसला १५६२, म्हणजे राऊटरला वाटतं ही लाईन झकास आहे आणि तो सगळं ट्रॅफिक त्या बिचाऱ्या लाईनवर ढकलतो. दुकानाला दोष देत नाही, त्यांचं काम पोर्ट चालतो हे दाखवायचं, पण ते तयार टेम्प्लेट पेन ड्राईव्हवर देतात त्यात ही ओळ असायला हवी.

साईटवर कसं चाललं तेही सांगतो नाहीतर रिव्ह्यू अर्धा. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी असते तेव्हा बसवला. इथे आपली बाजू डीटीई, क्लॉक मॉडेमचं, त्यामुळे क्लॉक रेटची कमांड लागतच नाही, दिली तर आयओएस (सिस्को राऊटरची ऑपरेटिंग सिस्टिम) घेतही नाही. पलीकडे रांजणगावला दुसऱ्या कंपनीचा राऊटर आहे म्हणून एन्कॅप्सुलेशन पीपीपी (वेगवेगळ्या कंपन्यांच्या राऊटरला चालणारी पद्धत), कारण सिस्कोचं एचडीएलसी दुसऱ्यांशी बोलत नाही. ते तसंच सोडलं असतं तर इंटरफेस अप आणि लाईन प्रोटोकॉल डाऊन दिसलं असतं आणि लोक अशा वेळी उगाच प्रोव्हायडरला फोन लावतात.

प्रोव्हायडरला फोन लावायचा की नाही हे ठरवायला शो इंटरफेसची शेवटची ओळ बघायची, डीसीडी, डीएसआर, डीटीआर, आरटीएस, सीटीएस, हे राऊटर आणि मॉडेममधले केबलवरचे सिग्नल. डीटीआर आणि आरटीएस आपण देतो, बाकी तीन मॉडेमकडून येतात. डीएसआर अप आणि डीसीडी डाऊन असेल तर केबल-मॉडेम जागेवर आहे पण लाईनवर कॅरियर नाही, मग खुशाल तक्रार नोंदवा. सगळे डाऊन असतील तर आधी आपली केबल बघा. लाईन चालू करण्याआधी मी मॉडेमचं लोकल लूपचं (आपण पाठवलेलं तिथूनच परत फिरवणारं) बटण दाबून, तेवढ्यापुरतं एचडीएलसी ठेवून, स्वतःच्या आयपीला पिंग केलं. इंटरफेसवर लूप्ड असं आलं, पिंग पूर्ण, सीआरसी शून्य, म्हणजे राऊटर, कार्ड, केबल आणि मॉडेमची आपली बाजू ठीक. मग लूप काढला, पीपीपी दिलं, एलसीपी (पीपीपीची लिंक जुळवणारा भाग) ओपन झालं आणि रांजणगावचा सर्व्हर दिसायला लागला. नंतर आठवडाभर एरर काउंटर बघत होतो, जागचे हलले नाहीत. केबल तीन मीटरची आहे आणि मॉडेम त्याच रॅकमध्ये, हे ही एक कारण. १.५ एमबीपीएसच्या वेगाला व्ही-३५ केबल १५ मीटरपर्यंतच ठेवायची असं सिस्कोच्या तक्त्यात आहे, मॉडेम एका खोलीत आणि राऊटर दुसऱ्या मजल्यावर असली मांडणी कोणी करत असेल तर करू नका.

शिकणाऱ्यांसाठी घ्यावं का? सिम्युलेटरवर कमांड पाठ होतात पण वाकलेली पिन, सैल केबल, उलटं टोक हे सिम्युलेटर दाखवत नाही. सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेसाठी म्हणून घेत असाल तर २०२० पासूनच्या अभ्यासक्रमात सिरीयल लिंकवर फारसं काही उरलेलं नाही, त्या पैशात एखादा चांगला स्विच घ्या. पण फील्डला काम करायचं असेल, बँकेच्या किंवा फॅक्टरीच्या जुन्या साईट हातात येणार असतील तर दोन १८४१ आणि एक बॅक-टू-बॅक केबल घ्या आणि महिनाभर बिघाड करून-करून बघा. त्या मुलाने सांगितलं की गर्दी नसेल तर विद्यार्थ्यांना तो काउंटरवरच्या सेटवर हात मारू देतो. हे कुठे मिळतं आजकाल.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या न पुसलेल्या कॉन्फिगरेशनसाठी कापला. संध्याकाळी सहानंतर जाऊ नका, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते आणि तासभर टेस्टिंग करायचं म्हणलं तर त्यांनाही शक्य होत नाही, सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या गाठा. आणि केबल हवी असेल तर आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, राऊटरच्या बाजूला स्मार्ट सिरीयल आहे की जुनं ६० पिनचं, आणि टोक डीटीई आहे की डीसीई.